ब्रेकमधलं कातडं

घाटाखालच्या बार्शीत जुन्या मोटारी विकणाऱ्या एका व्यापाऱ्यानं मला फसवलं. ब्रेक नसल्यात जमा असलेली मोटार त्यानं चांगली म्हणून माझ्या गळ्यात मारली. गोष्ट निजामाच्या राज्यातली, दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांतली. इतकी वर्षं लोटली तरी ती आठवली की माझी कानशिलं तापतात. पण लिहायला बसलो ते नुसत्या रागानं नाही. त्या फसवणुकीमुळंच मला एक माणूस भेटला, आणि त्या माणसाचे उपकार रागाच्या वर आहेत. क्रम मात्र पाळायला हवा, म्हणून आधी फसवणूक सांगतो.

मी बैलांचा व्यापारी. बापानं मला दिलेली एकच वस्तू म्हणजे मोठा आवाज. त्या आवाजावर मी आधी येडशी स्टेशनात हमाली केली, मग भाड्याची बैलगाडी हाकली, मग ईटपासून लोहाऱ्यापर्यंत बाजार करत बैल घेऊ-विकू लागलो. बैलाचा सौदा रुमालाखाली होतो. दोघांचे हात रुमालाखाली, बोटं धरून भाव सांगायचा, तोंडानं भलतंच बोलायचं. बोटांच्या त्या भाषेत मला कुणी हरवलेलं नव्हतं. बैलाचे दात, खूर, शेपटीचा गोंडा, बसून उठताना तो आधी कुठला पाय टेकतो, सगळं मी बघत असे. लंगडा बैल विकायचा असेल तर काही व्यापारी त्याच्या गळ्यात मोठी घुंगुरमाळ बांधतात. गिऱ्हाइकाचं लक्ष आवाजाकडं जातं, पायाकडं जात नाही. मला ही युक्ती माहीत होती. खरं सांगायचं तर दोन वेळा मी ती स्वतः वापरली होती.

मोटार घ्यायचं डोक्यात आलं ते स्टेशनावरच. आगगाडीनं उतरणारी माणसं धाराशिवला जायला सर्व्हिस मोटारीची वाट बघत तासन् तास बसत. त्या मोटारीच्या ड्रायव्हरला पानसुपारी खिलवून मी गाडी चालवायला शिकलो, बैल विकले आणि बार्शी गाठली.

मोटार उभी होती ती नवरीसारखी सजवून. वर कॅनव्हासचं टप, आत लाकडी बाकं, पेट्रोल मिळत नसल्यानं मागं कोळशाच्या गॅसची भट्टी. आणि पुढच्या दोन दिव्यांच्या मध्ये, या टोकापासून त्या टोकापर्यंत पितळी घुंगुरमाळ.

व्यापारी म्हणाला, "चालवून बघा शेठ. थांबवून बघा. तुमचं समाधान होऊ द्या."

सपाट रस्त्यावर मी चार वेळा चालवली, चार वेळा थांबवली. थांबत होती. थांबताना घुंगरं अशी खळखळत की कानाला गोड वाटे. सौदा आम्ही रुमालाखालीच केला, कारण मला दुसरी रीत येत नव्हती आणि त्याला ती येत होती. शेवटच्या बोटावर मी अडून बसलो.

"एवढ्यात दिलीत तर घुंगुरमाळ वर हवी," मी म्हणालो.

त्यानं तोंड एवढंसं केलं. "शेठ, ती माझ्या आईनं बांधलीय. ती नका मागू."

त्यानं नाही म्हटल्यावर मी कसला सोडतोय. अर्धा तास घासाघीस करून मी ती माळ मागून घेतली आणि मनातल्या मनात म्हणालो, आज बार्शीला कळलं आपण कोण ते.

येताना सगळा घाट चढायचा. चढाला ब्रेक लागत नाही. हेही त्या माणसाला पक्कं माहीत असणार. घाटमाथ्यावर करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर निजामाचे शिपाई कागद बघायला पुढं आले. एकजण घुंगरांकडं बघून म्हणाला, "क्या सेठ, मोटार लाये के बैल?" मीही हसलो. तो मला सावध करत होता, असं आता वाटतं.

दुसऱ्या दिवशी पूजेसाठी मोटार धुतली. धुताना माळ काढून ठेवली. तिसऱ्या दिवशी सकाळी बाहेर काढली आणि पहिल्यांदा ब्रेक दाबला, तेव्हा मागच्या चाकांतून किंचाळी आली. डुकराचं पिल्लू दारात अडकल्यासारखी. गल्लीतली कुत्री उठली. दुसऱ्या दाबाला आवाज कमी, चौथ्या-पाचव्याला बंद. दुपारी नावाला नाही. पुन्हा सकाळी तेच. शिवाय किंचाळी थांबल्यावर खालून दुसराच एक बारीक आवाज येई, चर्र चर्र, तव्यावर उलथनं खरवडल्यासारखा. हा आवाज दिवसभर राही आणि ब्रेक सोडला की थांबे.

माझ्यापुढं अडचण अशी होती की पाचच दिवसांवर वऱ्हाड होतं. शेजारच्या घरातल्या मुलीचं लग्न घाटाखालच्या गावी ठरलेलं, आणि माझ्या मोटारीचं ते पहिलं भाडं. सतरा माणसं, नवरीसकट. ही फेरी नीट झाली तर पंचक्रोशी मोटारीत बसेल. ओरडणारी मोटार बघून वऱ्हाड बैलगाड्यांकडं वळलं तर माझं दुकान उघडण्याआधीच बंद, आणि बैल तर विकून बसलेलो.

मी गल्लीतल्या जुन्या गाडीवानांना विचारलं. सगळी शहाणी, अनुभवी माणसं. जन्मभर त्यांनी चाकं ऐकलेली. सगळ्यांचं एकमत झालं.

"चाक कुरकुरतंय ना? मग वंगण घाला की. त्यात काय इचारायचं?"

बैलगाडीचा कणा ओरडला की त्याला एरंडेल चोपडायचं, हे आमच्याकडं लेकराला कळतं. मलाही पटलं. मी बुधलीभर एरंडेल आणलं आणि चाकामागच्या फटीतून दोन्हीकडं ओतलं. दुसऱ्या सकाळी ब्रेक दाबला. किंचाळी नाही, चर्र नाही. मोटार सशासारखी गप. मी बायकोला हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, "एकदम एवढी गप कशी काय झाली?" बायकांना बोलायला काहीतरी लागतं, असं समजून मी निघालो.

गावाबाहेर ओढ्याकडं मोठा उतार आहे. मी एकटाच होतो, ही देवाची दया. उतार लागला, मी ब्रेक दाबला. पाय लोण्यात गेल्यासारखा वाटला. पायडल खाली जात होता, मोटार आपली चाललेली. पुन्हा दाबला. हातब्रेक ओढला, तोही त्याच चाकांचा. ओढ्यावर बायका धुणं धुत होत्या. मी भोंगा दाबून धरला आणि उजव्या हाताच्या मळ्यात मोटार घातली. तिथं कडब्याची गंज होती. मोटार तिच्यात निम्मी शिरली आणि थांबली. माझ्या अंगावर एवढा कडबा आला की मला बाहेर काढायला दोन माणसं लागली.

मळ्याचा मालक पहिल्यांदा गंजीकडं बघत होता, मग माझ्याकडं.

"व्यापारी," तो म्हणाला, "बैल असता तर कडंकडंनं खाल्ला असता. ह्यो डायरेक तोंडच घालून बसला."

त्याच्या विहिरीवर त्या दिवशी मोट शिवायचं काम चाललं होतं. नवीन माणसांसाठी सांगतो: मोट म्हणजे विहिरीचं पाणी उपसायची कातड्याची मोठी पखाल, बैल नाड्यानं ती ओढतात. ती शिवणारा म्हातारा चर्मकार शेजारच्या गावचा होता. लोक त्याला आबा म्हणत. तो आरी खाली ठेवून आला आणि मोटारीच्या मागच्या चाकाशी उकिडवा बसला. हात लावला नाही. नाक जवळ नेलं, डोळे मिटले.

"मालक, हिच्यात कातडं कुठंय?"

"मोटारीत कसलं कातडं?" मी कडबा झटकत म्हणालो. "लोखंड आहे सगळं."

"हाय. एरंडेल प्यालेलं कातडं हाय. ह्या वासात म्या म्हातारा झालो."

मग त्यानं वैद्यानं विचारावं तसं एकेक विचारायला सुरुवात केली.

"सकाळी वरडत हुती?"

"हो."

"दुपारी गप?"

"हो. पण तुम्हाला कुणी सांगितलं?"

"दव पडल्यावर वल्लं कातडं वरडतं. चार वेळा घासलं की वाळतं, गप होतं. आन् तेल वतायच्या आधी, दाब दिल्यावर खालनं काय खरवडत हुतं का?"

मी चर्र आवाजाचं सांगितलं. त्यानं मान हलवली.

"ते कातडं न्हाय. कातडं झिजलं, आन् ते ठोकलेलं लोखंड वर आलं. खिळं हायती ते. पहिला आवाज कातड्याचा, दुसरा खिळ्याचा. तुमी दोघांच्याबी तोंडात तेल वतलं. बोलत हुती बिचारी, तुमी तिचं तोंड बंद केलं." मग म्हणाला, "नव्या मोटंला आमी तेल पाजतो, ती मऊ व्हावी म्हनून. मऊ कातडं धरत न्हाय, सुटतं."

ज्या माणसानं जन्मात मोटारीला हात लावला नव्हता, त्यानं वासावर आणि तीन प्रश्नांवर रोग सांगितला. मला मात्र ते पटायला चाक उघडावं लागलं. येडशीच्या ड्रायव्हरला बोलावून आणलं आणि मळ्यातच चाक काढलं. चाकाच्या आत लोखंडाची थाळीसारखी पोकळ टोपी असते, तिला ड्रम म्हणतात. तिच्या आत चंद्रकोरीसारख्या दोन पट्ट्या. ब्रेक दाबला की त्या फाकतात, टोपीला आतून घासतात आणि चाक थांबतं. त्या पट्ट्यांवर लायनर असतो, उष्णता सोसणारा. लढाईमुळं लायनर कुठंच मिळत नव्हता, हे ड्रायव्हरलाही ठाऊक होतं. पण आत जे होतं ते बघून त्यानं कपाळावर हात मारला. लायनरच्या जागी मोटेचं कातडं, तेलानं थबथबलेलं, आणि ते जोडेवाल्याच्या लोखंडी चुकांनी, म्हणजे बारीक खिळ्यांनी, ठोकलेलं. चुकांची डोकी घासून आरशासारखी लखलखत होती. ड्रमला आतून चरे पडलेले.

आबानं एक पट्टी हातात घेतली, फडक्यानं पुसली, कडेवरून अंगठा फिरवला.

"मालक," तो म्हणाला, "हे माझ्या हातचं हाय."

मला काही समजेना.

"असा तिरका काप ह्या मुलखात माझाच. तेरच्या बाजारात बार्शीचा एक मानूस आलता. म्हनला, पिठाच्या गिरणीला पट्टा करायचाय. म्या इचारलं, ताण किती येनार? म्हनला, पीठ दळायचंय, मानसं न्हाईत दळायची."

इथं माझा तोल गेला. मी त्याला नको ते बोललो. तुम्ही सगळे सामील, बार्शीपासून तेरपर्यंत साखळी आहे, असंही म्हणालो. मळ्याचा मालक मध्ये पडला. आबा मात्र पट्टी हातात घेऊन तसाच बसून होता. माझा दम संपल्यावर म्हणाला, "माझ्यावर वरडून मोटार थांबत आसंल तर आजून वरडा. न्हायतर चार दिस हायती, कामाला लागू."

एक गोष्ट मला त्या क्षणी कळली नव्हती, घरी गेल्यावर कळली. तो काप दुसऱ्या कुणाला ओळखू आला नसता. तो गप बसला असता तर कुणालाच काही कळलं नसतं. बाजारात उभं आयुष्य काढून मी स्वतःच्या मालाची खोट सांगणारा माणूस पाहिला नव्हता. मी स्वतः तर नव्हतोच.

चार दिवस त्यानं मोटेचं काम बाजूला ठेवलं. कातडं पुन्हा घालायचं नाही, हे त्याचंच म्हणणं. "उतारावर तापलं की करपंल, दगडावानी हुईल." सरकी काढायच्या कारखान्यातला कॅनव्हासचा जाड, जुना पट्टा मी शोधून आणला. तांबटाकडून फुटक्या घागरीच्या तांब्याचे खिळे करून घेतले, कारण तांबं मऊ, ते ड्रमला चरे पाडत नाही. आबानं प्रत्येक खिळ्याचं डोकं पट्ट्याच्या आत खोल बसवलं, जेणेकरून पट्टा झिजायला लागला तरी डोकं लवकर वर येऊ नये. ड्रम राखेनं आणि सोड्यानं चारदा धुऊन तेल काढलं. मग ओढ्याच्या त्याच उताराला मोकळी मोटार वीसेक वेळा उतरवली. तो शेजारून चालायचा, कधी पळायचा, चाकाकडं कान करून.

मजुरीचं काढल्यावर तो म्हणाला, "मला ती घुंगुरमाळ द्या."

माझ्यातला व्यापारी लगेच जागा झाला. मी पितळेचं वजन सांगितलं, ती कशी मिळवली ते सांगितलं.

"म्हनूनच म्हनतो," तो म्हणाला. "गाडीला घुंगरू आसलं की मालक भैरा होतो. तुमच्या कानाची किंमत जास्त का पितळाची?"

जन्मात मी असा सौदा हरलो नव्हतो. माळ काढून दिली.

वऱ्हाडाच्या दिवशी तोही आला, मीच आणला. पुढं माझ्या शेजारी बसवला. दोन-तीन जणांनी नाकं मुरडली. नवरीचा चुलता म्हणाला, "ह्याला मागं बसवा की, पायरीवर." मी मोटार थांबवली आणि ज्याला चालत यायचं असेल त्यानं आत्ताच उतरावं, असं सांगितलं. माझा आवाज कामाला आला. कुणी उतरलं नाही.

घाटाच्या तोंडाशी बायकांनी गाणी सुरू केली होती. आबा मागं वळून म्हणाला, "आयांनो, उतार संपंस्तवर गप ऱ्हावा. मला ऐकायचंय."

सतरा माणसं गप झाली. नवरीची आजी तेवढी पुटपुटली, "लगीन हाय का मयत?" सून म्हणाली, "आत्याबाई, गप. मयत हुऊ नये म्हनून तर."

अख्खा घाट आम्ही तसे उतरलो. कोळशाचा वास, टपाची फडफड, आणि प्रत्येक वळणाला ब्रेकचा एक कोरडा, सरळ आवाज, हातानं धोतर चोळल्यासारखा. दोन ठिकाणी आबानं हात वर केला, मी थांबवली, त्यानं उतरून चाकाचा वास घेतला, चाक निवू दिलं. पायथ्याला पोचल्यावर तो म्हणाला, "आता गावा." आणि बायकांनी राहिलेली सगळी गाणी एकदमच सुरू केली. मी तोंड खिडकीबाहेर ठेवलं, कारण डोळे भरून आले होते आणि वऱ्हाडानं ड्रायव्हरला रडताना बघू नये.

वऱ्हाड पोचवून आम्ही दोघं तसेच बार्शीला गेलो. मी ते तेलकट कातडं त्या व्यापाऱ्याच्या गादीवर टाकलं. त्यानं हिशेबाच्या वहीवरून डोळेसुद्धा पुरते वर केले नाहीत.

"शेठ," तो म्हणाला, "तुम्ही घुंगरं मागितली, मी घुंगरं दिली. ब्रेक मागितला असता तर बोटं वेगळी झाली असती."

मला लंगड्या बैलाचे ते दोन सौदे आठवले. तेवढ्यात मागून आबा पुढं आला; तेरच्या बाजारात पट्टा नेणारा माणूस हाच, हे त्यानं ओळखलं होतं. आवाज न चढवता त्यानं विचारलं, "मालक, मला खोटं का सांगितलंत? मोटारीच्या ब्रेकाला म्हनला आसतात तर म्या कातडं दिलंच नसतं. माझ्या हातानं मानसं मेली आसती."

व्यापाऱ्यानं त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. माझ्याकडं बघून म्हणाला, "ह्याला खाली, पायरीवर थांबायला सांगा."

मी त्याची गादी उलटी केली, दौत सांडली, चार माणसांनी मला धरून बाहेर काढलं. त्यानं काय झालं? प्रश्न तिथंच राहिला. परतीच्या वाटेवर घाट चढताना आबा एकदाच बोलला, "त्यो नुसतं चुकलं म्हनला आसता तरी झालं आसतं."

पुढं ती मोटार बरीच वर्षं चालली. निजामाचं राज्य गेलं, करोडगिरीचा नाका उठला, खरे लायनर मिळू लागले. दर बाजाराला आबा यायचा, मोटारीभोवती एक चक्कर मारायचा, मला उतारावरून एकदा आणायला लावायचा आणि ऐकायचा. मोटारीनं कुणाला खरचटवलंसुद्धा नाही. माझी मुलं शिकली, घर झालं, ते त्या कानांमुळं. मी नंतर बैल विकले तेही घुंगरांशिवाय. हे सगळं मी त्याला त्याच्या हयातीत नीट सांगितलं नाही. आमच्याकडं अशी बोलायची रीत नाही; मी दर दिवाळीला जायचो, तो चहा करायचा, आणि आम्ही ब्रेकविषयी बोलायचो.

तो गेला; घरात आता त्याचा लेक असतो, पण घुंगुरमाळ अजून दारावर आहे. दार उघडलं की वाजते. आता माझं म्हणणं एवढंच. बार्शीचा तो व्यापारी जिवंत असेल तर त्यानं, नसेल तर त्याच्या गादीवर जो कुणी बसला असेल त्यानं, एकदा घाट चढून यावं. माझ्याकडं येऊ नये. मी मूर्ख ठरलो, त्याचा हिशेब मी माझ्याशी केला आहे. त्यानं त्या दारात यावं, पायरीवर उभं राहावं, आणि म्हाताऱ्याच्या लेकाला सांगावं: तुझ्या बापाशी खोटं का बोललो, आणि त्यानं विचारलं तेव्हा त्याच्याकडं का बघितलं नाही.